झुरिक ते मिलान: गॉथार्डच्या पोटातून की अंगाखांद्यावरून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मेच्या शेवटी तुम्ही, तुमच्या पत्नी आणि आई-बाबा असे चौघे झुरिकहून मिलानला जाणार आहात. चौघांकडे सेकंड क्लासचा स्विस ट्रॅव्हल पास (स्वित्झर्लंडभर रेल्वेप्रवासाचा पर्यटकांचा पास) आहे, बरोबर चार मोठ्या बॅगा आहेत, आईंचे गुडघे दुखतात आणि बाबांना ‘गॉथार्डची ती प्रसिद्ध रेल्वे’, म्हणजे आल्प्सच्या गॉथार्ड डोंगरातून जाणारी रेल्वे, पाहायची फार हौस आहे. विमान घ्यावे की थेट ट्रेन, आरक्षण लागते का, झुरिकला घेतलेल्या घड्याळावरचा कर परत कसा मिळवायचा आणि त्याच रात्री मिलानहून मुंबईचे विमान पकडता येईल का, हे तुम्हाला हवे आहे. मराठी कुटुंबांचे युरोपातले रेल्वेप्रवास आखून देणे हेच माझे काम असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

विमानाचा विचार सोडून द्या. झुरिकचा विमानतळ मुख्य स्टेशनापासून ट्रेनने दहा-बारा मिनिटांवर आहे हे खरे, पण मिलानचा माल्पेन्सा विमानतळ शहरापासून सुमारे ५० किलोमीटर लांब आहे. उड्डाणाआधीचे दोन तास, उतरल्यावर बॅगांची वाट, मग शहरात यायला आणखी जवळपास तास. थेट युरोसिटी, म्हणजे देशांच्या सीमा ओलांडणारी वेगवान ट्रेन, झुरिकच्या भर वस्तीतून निघते आणि साधारण सव्वातीन ते साडेतीन तासांत मिलानो चेंत्राले या मुख्य स्टेशनात पोहोचवते.

तरीही तुमच्या बाबांना मी या थेट गाडीत बसवणार नाही. त्यांना जो गॉथार्ड पाहायचा आहे तो या गाडीतून दिसतच नाही. बहुतेक जण ‘झुरिक-मिलान’ असे टाइप करून पहिली गाडी घेतात आणि आल्प्स ओलांडल्याचे त्यांना कळतही नाही. २०१६ साली सुरू झालेला गॉथार्डचा पायथ्याचा बोगदा ५७ किलोमीटर लांब आहे, रेल्वेचा जगातला सर्वांत लांब. एर्स्टफेल्डजवळ गाडी आत शिरते आणि बोदिओला बाहेर येते. मधली वीसेक मिनिटे काळोख. डोंगर चढायचाच नाही, या हिशेबाने तो खणला आहे. बोगद्याचा सर्वांत उंच बिंदू समुद्रसपाटीपासून फक्त ५४९ मीटरवर आहे आणि डोक्यावर काही ठिकाणी २,३०० मीटर जाडीचा खडक आहे. त्या खोलीवर खडकाचे तापमान ४५ अंशांपर्यंत जात असल्याने खणकाम चालू असताना आत सतत गार हवा सोडावी लागे. स्थापत्य म्हणून तो थोर आहेच, आणि ट्रकांनी होणारी मालवाहतूक रेल्वेवर यावी यासाठी स्विस जनतेने १९९२ साली मतदान करून या योजनेला मान्यता दिली, याचे मला मनापासून कौतुक आहे. पण खिडकीपाशी बसलेल्या माणसाला त्यात स्वतःचे प्रतिबिंब सोडून काही दिसत नाही.

जुनी वाट वरून जाते. १८८२ साली सुरू झालेली ही डोंगररेल्वे आजही रोज धावते, आणि ती पाहायला पासावर जास्तीचा एक फ्रँकही लागत नाही. गाडीचे नाव ‘ट्रेनो गॉतार्दो’. तांबूस रंगाची, मोठ्या खिडक्यांची, साधी इंटररीजिओ गाडी आहे. आरक्षणाची सक्ती नाही, यायचे आणि बसायचे. झुरिकहून ती साधारण दर दोन तासांनी सुटते आणि आर्थ-गोल्डाऊ, फ्लुएलेन, एर्स्टफेल्ड, ग्योशेनेन, ऐरोलो, बेलिन्झोना करत लोकार्नोला जाते. मधल्या तासाची गाडी बाझलहून लुझर्नमार्गे येते. ती धरायची तर आर्थ-गोल्डाऊला बदलावे लागेल. आईंसाठी ती अदलाबदल टाळा आणि झुरिकहूनच सुटणारी धरा. बेलिन्झोनापर्यंत थेट गाडीपेक्षा तास-सव्वा तास जास्त लागतो. त्या तासासाठीच तर हा प्रवास करायचा.

हिच्याशी एका दुसऱ्या गाडीची हमखास गल्लत होते, म्हणून आधीच सांगते. ‘गॉथार्ड पॅनोरमा एक्स्प्रेस’ ही पर्यटकांसाठीची वेगळी सेवा आहे: लुझर्न ते फ्लुएलेन बोटीने, पुढे छतापर्यंत काचा असलेल्या डब्यातून. ती हंगामापुरतीच चालते, ट्रेनमध्ये फक्त फर्स्ट क्लास असतो आणि पास असला तरी वर पैसे भरावे लागतात. रूळ मात्र तेच. चार बॅगा घेऊन बोटीत चढउतार करण्यापेक्षा साधी गाडी तुमच्यासाठी कितीतरी बरी.

आता बाबांसाठी. झुरिकहून निघताना दक्षिणेकडे तोंड करून उजव्या हाताच्या खिडक्या धरा. त्सूग गेल्यावर त्सूगचे तळे त्याच बाजूला येते आणि ब्रुनेन ते फ्लुएलेनच्या टप्प्यात उरी खोऱ्यातले तळे अधूनमधून बोगद्यांच्या फटींतून दिसत राहते. एर्स्टफेल्डला वेगवान गाड्या खाली जातात आणि तुमची गाडी चढू लागते. इथून बाजूचा हट्ट सोडायचा, कारण आता देखावा दोन्हीकडे फिरत राहतो.

रेल्वे खऱ्या अर्थाने पाहायची ती वासेन या खेड्यापाशी. गाव लहान, मधोमध उंचवट्यावर पांढरे चर्च. उंची गाठायला रूळ डोंगराच्या पोटात पूर्ण गिरकी घेतात आणि मग दोनदा उलटे वळतात. त्यामुळे तेच चर्च तीन वेळा दिसते: पहिल्यांदा मान वर करून, दुसऱ्यांदा जवळपास समोर, तिसऱ्यांदा खाली वाकून. गाडी पुढे चालली आहे, पण चर्च कधी या खिडकीत तर कधी त्या. बाबांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ते मोजत बसतील. दक्षिणेच्या उतारावर अशा गिरक्या आणखी आहेत, फाइदोच्या वर दोन आणि खाली बियास्किनाच्या घळीत दोन. तिथे खाली वाकून पाहिले तर ज्या रुळांवरून आपण पुढे जाणार आहोत तेच आपल्या खाली दिसतात.

खंडाळ्याचा घाट पाहिलेल्या माणसाला या चढाचे मोल वेगळे सांगायला नको. आपला भोर घाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला, म्हणजे गॉथार्डच्या एकोणीस वर्षे आधी, आणि तिथला चढ सदतिसास एक इतका आहे. गॉथार्डचा सर्वांत कडक चढही जवळपास तेवढाच. आपल्याकडे घाटात गाडीला मागून जादा इंजिने लावतात, तशी एर्स्टफेल्डलाही जड मालगाड्यांसाठी जादा इंजिने सज्ज असत. फरक वळणांच्या युक्तीत. खंडाळ्याला सुरुवातीला गाडीची दिशा उलटवणारे रिव्हर्सिंग स्टेशन होते, इथल्या अभियंत्यांनी वळणे डोंगराच्या आत घातली. बाबांनी रेल्वेत नोकरी केली असो वा नसो, पुणे-मुंबई प्रवास केलेल्या माणसाला या मार्गाची भाषा लगेच कळते असा माझा अनुभव आहे.

ग्योशेनेनला जुन्या, १५ किलोमीटरच्या बोगद्याचे तोंड येते. तिथे क्षणभर गप्प बसावे असे मला दर वेळी वाटते. बोगद्याचे कंत्राट लुई फाव्र या जिनीव्हाच्या माणसाने घेतले होते. काम १८७२ साली सुरू झाले. बहुतेक मजूर इटलीतून आलेले. आत धूर, उष्णता आणि गुडघाभर पाणी. १८७५ साली ग्योशेनेनला मजुरांनी संप केला तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार जण मेले. एकूण काम संपेपर्यंत सुमारे दोनशे माणसे गेली. स्वतः फाव्रही १८७९ साली बोगद्याची पाहणी करताना आतच कोसळला आणि वारला. त्यानंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी १८८० मध्ये, दोन्ही बाजूंची खोदाई एकमेकींना मिळाली. ऐरोलोच्या स्टेशनाजवळ त्या मृत मजुरांचे शिल्प आहे.

हा मार्ग समुद्रसपाटीपासून १,१५१ मीटरपर्यंत चढतो. पलीकडे ऐरोलोला बाहेर आल्यावर पाट्या इटालियनमध्ये, घरांची छपरे दगडी, आणि पुष्कळदा हवाही बदललेली. उत्तरेला पाऊस आणि दक्षिणेला लख्ख ऊन हा इथला नेहमीचा खेळ आहे.  म्हणून झुरिकला सकाळी ढग दिसले तरी बेत रद्द करू नका.

‘जुना मार्ग म्हणजे आता नुसती पर्यटकांची सोय’ असे कोणी सांगितले तर ऐकू नका. १० ऑगस्ट २०२३ रोजी पायथ्याच्या बोगद्यात एका मालगाडीचे चाक फुटून ती रुळांवरून घसरली आणि कित्येक किलोमीटर मार्ग उखडला गेला. बोगदा पूर्ववत सुरू व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडले. त्या वर्षभरात उत्तर-दक्षिण प्रवाशांना याच जुन्या रुळांनी सांभाळले.

आता पुढचा टप्पा. बेलिन्झोनाला तीन मध्ययुगीन किल्ले दिसतात, युनेस्कोच्या यादीतले. पुष्कळ जण इथे उतरून मिलानची गाडी धरतात. तुम्ही उतरू नका, त्याच गाडीने शेवटपर्यंत लोकार्नोला जा. कारण साधे आहे. लोकार्नोहून आरई-८० नावाची प्रादेशिक गाडी लुगानो, किआसो, कोमो, मोंझा करत थेट मिलानो चेंत्रालेला जाते, साधारण दर तासाला, आणि तिलाही आरक्षण लागत नाही. लोकार्नो हे टर्मिनस. गाडी तिथूनच सुटत असल्याने चौघांना एकत्र जागा आणि बॅगांना कोपरा मिळतो. शिवाय रूळ तिथेच संपत असल्यामुळे एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जिना न चढता जाता येते. आईंच्या गुडघ्यांसाठी मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन्ही गाड्यांचे दरवाजे फलाटाच्या उंचीला असतात, पायऱ्या चढायच्या नाहीत.

मध्ये दोन-तीन तास लोकार्नोत काढा. माज्जोरे तळे स्टेशनापासून पाच मिनिटांवर आहे आणि हा स्वित्झर्लंडचा सर्वांत सखल भाग, समुद्रसपाटीपासून फक्त १९३ मीटर; सकाळी बर्फ पाहिलेल्या डोळ्यांना दुपारी ताडाची झाडे दिसतात. स्टेशनावर लॉकर आहेत, पण मोठ्या बॅगेचे लॉकर लवकर भरतात. नाहीच मिळाले तर बॅगांपाशी आळीपाळीने बसा. घरून आणलेले थेपले किंवा झुरिकला भरून घेतलेला डबा गाडीत उघडायला हरकत नाही. डोंगरावरच्या गाडीत डायनिंग कार नसते, तेव्हा डबा हवाच. रविवारी निघत असाल तर लक्षात ठेवा, झुरिक शहरातली दुकाने बंद असतात, पण मुख्य स्टेशनातली उघडी असतात.

तिकिटाचे गणित सोपे आहे. स्विस पास या मार्गावर किआसो या सीमेवरच्या स्टेशनापर्यंत चालतो. किआसो ते मिलान एवढेच वेगळे तिकीट चौघांसाठी काढायचे, प्रादेशिक गाडीचे, जे थेट गाडीच्या आंतरराष्ट्रीय तिकिटापेक्षा बरेच स्वस्त असते. ते प्रवासाच्या दिवशीही काढता येते, संपायची भीती नाही. लोकार्नोलाच काढून ठेवा, किआसोला घाईत उतरून काढायचा विचार करू नका. तुमचा पास ‘फ्लेक्स’ प्रकारचा, म्हणजे प्रवासाचे दिवस आपण निवडायचे असा, असेल तर गाडीत बसण्याआधी त्या दिवसाची नोंद करायची विसरू नका. नोंद नसलेला पास म्हणजे बिनतिकीट प्रवास, आणि स्विस तपासनीस नम्रपणे पण पूर्ण दंड घेतो.

थेट युरोसिटीच घ्यायची ठरली तर सीमा ओलांडणाऱ्या प्रवाशाला तिच्यात सीटचे आरक्षण सक्तीचे आहे, पास असला तरी. त्याच गाडीने फक्त लुगानोपर्यंत गेलात तर नाही. सवलतीची तिकिटे लवकर काढली तर स्वस्त मिळतात, पण ती त्या एकाच गाडीला बांधलेली असतात; गाडी चुकली की पैसे गेले.

आता परतीच्या विमानाबद्दल स्पष्ट सांगते: त्याच रात्रीचे विमान या प्रवासाला जोडू नका. स्वित्झर्लंडच्या बाजूला गाड्या वक्तशीर आहेत, इटलीच्या बाजूला अर्धा-पाऊण तासाचा उशीर नवलाचा नाही. शिवाय इटलीत रेल्वेचे संप होतात. ते आधी जाहीर करावे लागतात आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवण्याचे बंधन असते, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात तपासून घ्या. एक रात्र मिलानला मुक्काम करा. विमानाची तारीख हलवता येत नसेल तर माझा दुसरा बेत असा: आदल्या दिवशी सगळे सामान झुरिकच्या हॉटेलात ठेवून पासावरच डोंगरावरच्या गाडीने बेलिन्झोनापर्यंत जा, किल्ला पाहा, आणि परत येताना वेगवान गाडीने पायथ्याच्या बोगद्यातून या. बाबांना दोन्ही गॉथार्ड एका दिवसात, रिकाम्या हातांनी पाहायला मिळतील. दुसऱ्या दिवशी सकाळची युरोसिटी आरक्षण करून घ्या.

सीमेबद्दल लोक दोन टोकांच्या गोष्टी ऐकून येतात. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, त्यामुळे एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी इटलीत जायला अडचण नाही. पण पोलीस किंवा कस्टमचे लोक किआसोला गाडीत चढून पासपोर्ट पाहू शकतात, तेव्हा तो अंगावर असू द्या, मोठ्या बॅगेच्या तळाशी नको.

आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. तुमच्या घड्याळाचा प्रश्न इथे येतो. स्विस मूल्यवर्धित कर सध्या ८.१ टक्के आहे आणि ३०० फ्रँकच्या वरच्या खरेदीवर तो पर्यटकाला परत मागता येतो. त्या फॉर्मवर शिक्का मात्र स्वित्झर्लंडची हद्द सोडतानाच लागतो. मिलानच्या विमानतळावर तो फॉर्म पुढे केला तर उपयोग नाही. म्हणजे किआसोला उतरून कस्टमच्या कार्यालयात जायचे आणि पुढची गाडी धरायची. आरई-८० साठी जागा बांधलेली नसल्याने हे जमते, युरोसिटीत जमत नाही. त्याहून नाजूक भाग पुढे आहे. जमिनीवरून युरोपीय संघात शिरताना माणशी ३०० युरोपर्यंतच्या वस्तू करमुक्त नेता येतात. त्याहून महाग नवे घड्याळ असेल तर इटलीच्या कस्टमला ते दाखवणे तुमची जबाबदारी ठरते. किमती खरेदीचा बेत असेल तर मी कुटुंबांना सरळ सांगते की स्वित्झर्लंडमधूनच मायदेशी परतणार असाल तेव्हा ती करा. तुमचा प्रवास मिलानहून संपतो आहे, तेव्हा यंदा घड्याळाचा मोह आवरलेला बरा.

आईंनी कोणाकडून तरी बर्निनाच्या लाल गाडीचे ऐकले आहे असेही तुम्ही लिहिले आहे. तो मार्ग अपूर्व आहे. २,२५३ मीटरपर्यंत चढतो आणि तिरानोला उतरतो, तिथून कोमोच्या तळ्याकाठाने मिलानला गाडी आहे. पण झुरिकहून त्या वाटेने मिलान म्हणजे सकाळ ते रात्र, दोन-तीन गाड्या बदलून, बॅगांसकट. या वेळी नको. सेंट मॉरित्झला दोन रात्री राहणार असाल तेव्हा तो घ्या, आणि तोही पर्यटकांच्या एक्स्प्रेसऐवजी त्याच रुळांवरच्या साध्या गाडीने, जिच्या खिडक्या उघडतात.

लुगानोजवळ डाव्या हाताला तळे येते, त्यानंतर मेलिदेच्या बांधावरून गाडी पाण्यामधून जाते. इथवर निवांत राहा. कोमोनंतर मात्र बॅगांकडे लक्ष हवे. दारापाशी ठेवलेली बॅग स्टेशन येताच दुसऱ्याच्या हाताने उतरण्याचे प्रकार या टप्प्यात होतात. बॅगा सीटच्या पाठींमधल्या जागेत, डोळ्यांसमोर ठेवा. मिलानो चेंत्रालेला गाडी रस्त्याच्या पातळीपेक्षा वर थांबते. खाली यायला सरकते उतार आणि लिफ्ट आहेत, आईंना जिन्यांकडे नेऊ नका. १९३१ सालची ती भव्य कमान पाहायला थांबाल तेव्हा एकाने बॅगांपाशी उभे राहावे. ‘मी मदत करतो’ म्हणत तिकिटाच्या यंत्रापाशी किंवा बॅगेला हात घालत कोणी आले तर नाही म्हणून चालू लागा. खरे कर्मचारी असे मागे लागत नाहीत. दुओमो या मुख्य चर्चजवळ उतरणार असाल तर पिवळी, म्हणजे एम-३ मेट्रो चार थांब्यांत पोहोचवते. पण चार बॅगा आणि दमलेले आई-बाबा असताना स्टेशनाबाहेरच्या अधिकृत रांगेतली पांढरी टॅक्सी घ्या, आणि चौघे व बॅगा एकीत मावत नसतील तर दोन घ्या.